काका, बडेबाबूला तेल मी पाजलं होतं

काका, तुमच्यावर लिहिण्याइतका मी तुमचा कोणी लागत नाही, हे आधीच कबूल करतो. तुमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहिलेला मी एक भाडेकरू. तुमच्या ऑफिसातले जुने सोबती आहेत, विहारातली मंडळी आहे, तुमची मुलगी विद्याताई आहे. लिहायचं तर त्यांनी लिहावं. मला नीट लिहिताही येत नाही. आमच्या घरात अर्ज सोडून कोणी काही लिहिलेलं नाही, आणि तेही दुसऱ्याकडून लिहून घेतलेले. परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या वेळी, माझं नाव पुकारलं, "प्रशिक, तू बोल दोन शब्द." मी सतरंजीकडे बघत बसून राहिलो. लोकांना वाटलं, पोराला भरून आलं. शेजारच्या शोभाकाकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. भरून आलं नव्हतं काका. लाज वाटत होती. तरी लिहितो आहे, त्याबद्दल माफी असावी.

आधी तेच सांगतो, जे तुमच्यासमोर सांगता आलं नाही. बडेबाबूला तेल मी पाजलं होतं. त्या रविवारी सकाळी तुम्ही विहारात गेला होता, तेव्हा. जवसाचं तेल, आईनं चटणीवर घ्यायला पाठवलेलं.

बडेबाबू कोण, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण हा कागद कोणाच्या हाती लागला तर त्याला वाटेल, ऑफिसातलाच कोणी असावा. तुम्हीच तशी गंमत करून ठेवली होती. नातीनं, अन्वीनं, सशाचं नाव ठेवलं होतं स्नोई. ते सगळे पुण्याला गेले आणि तिथल्या फ्लॅटमध्ये ससा ठेवता येईना, तेव्हा स्नोई तुमच्याकडे राहिला आणि त्याचा बडेबाबू झाला. "दिवसभर एका जागी बसते, कागदं खाते, आणि कोणी काम घेऊन आलं का पाठ फिरवते. सिंचन खात्यात आमचे हेडक्लार्क बडेबाबू होते ना, हुबेहूब!" असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

आई मला घेऊन खोली पाहायला आली, तो दिवस आठवतो. सोफ्यावर बडेबाबू आणि खाली खुर्चीवर तुम्ही. आईनं विचारलं, "हा घरातच राह्यते काय?"

"घर त्याचंच आहे बाई," तुम्ही म्हणालात. "मीच इथं भाड्यानं राहून राहिलो."

आई तोंडावर पदर धरून हसली. सकाळपासून चार घरं पाहून झाली होती, आणि चारही ठिकाणी आम्ही कुठले, वडील काय करतात, हेच आधी विचारलं होतं. तुम्ही विचारलंत, "जेवण झालं काय तुमचं?" परतीच्या बसमध्ये आई मला म्हणाली, त्या माणसाले त्रास देऊ नको.

तुम्ही माझे स्कॉलरशिपचे फॉर्म भरलेत, बँकेत सोबत आलात. विहारात सगळ्यांना सांगायचे, "हा आमचा इंजिनीअर." मी दर वेळी म्हणायचो, काका, मी बीएस्सीला आहे. "तेच ते," म्हणायचे. नंतर मी सुधारणं सोडून दिलं. खरं म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं.

हे मुद्दाम सांगतो आहे. कॉलेजात मला काही येत नाही, असं मला रोज वाटतं. सर इंग्रजीत विचारतात, मागचा बाक गप्प असतो, आणि त्या गप्प बाकावर मी असतो. मेसच्या फॉर्मपासून लॅबच्या वहीपर्यंत सगळं दुसऱ्याला विचारून करायचं. आणि त्या शनिवारी पहिल्यांदा असं झालं, की तुमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांपेक्षा मला जास्त कळते आहे असं मला वाटलं.

बडेबाबूनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पलंगाखाली कोपऱ्यात अंग आखडून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. दातांचा कर्र कर्र आवाज येत होता. तुम्ही संत्र्याची फोड त्याच्या नाकासमोर धरलीत, त्यानं तोंड फिरवलं. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरले दाखवून आणू."

मी खाली वाकलो, त्याचं पोट दाबून पाहिलं आणि म्हणालो, "काका, आमच्या घरी अकरा बकऱ्या आहेत. पोट फुगलं आहे फक्त. उद्यापर्यंत उतरते."

"नक्की ना गा?"

"जनावराचं मले कळते काका."

तुम्ही हसून म्हणालात, "बरं बा. या बाबतीत तू साहेब, मी चपराशी."

त्या वाक्यानं मी किती फुगलो, ते तुम्हाला कळलं नसेल. दिवसभर तेच डोक्यात होतं.

रविवारी त्याचं पोट ढोलकीसारखं झालं होतं. तुम्ही म्हणालात, आज विहारात जात नाही. मीच तुम्हाला पाठवलं. "मी आहे ना," म्हटलं. तुम्ही गेल्यावर मी वरून तेलाची बाटली आणली. बकरीचं पोट फुगलं की आई तेच करते. बकरीला भिंतीशी उभं करते, मान वर धरते, तेल पाजते आणि पोट चोळते. थोड्या वेळानं बकरी ढेकर देते आणि चालायला लागते. मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मागच्या गॅलरीत मी बडेबाबूला गुडघ्यांत धरलं, मान वर केली आणि चमच्यानं तेल ओतलं. तो पाय झाडत होता. माझ्या हातावर नखं उमटली. दुसऱ्या चमच्याला त्याच्या नाकातून तेल आलं आणि तो शिंकल्यासारखं करायला लागला. मला वाटलं, निघतो आहे गॅस. मी खूश झालो, काका. खरंच खूश झालो. तिसरा चमचा त्यानंतर दिला.

मग त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि बाटली वर नेऊन ठेवली. तेव्हा लपवायचं म्हणून ठेवली नव्हती. तुम्ही आल्यावर तो बरा झालेला दिसेल, मग सांगू, असं ठरवलं होतं. तुम्ही आलात तेव्हा तो बरा झालेला नव्हता. म्हणून सांगितलं नाही.

सोमवारी आपण त्याला भाजीच्या टोपलीत घालून तुमच्या स्कूटरवर धरमपेठेतल्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी त्याचं तोंड उघडून टॉर्च मारला. दाढा वाढून त्यांना धार आली होती, जीभ कापली जात होती. "म्हणून खात नाही. आणि खात नाही म्हणून पोट थांबलंय. गवत देत नव्हता का? सशाला दिवसभर गवत चावावं लागतं, तेव्हा दाढा झिजतात."

"संत्रं देत होतो मी," तुम्ही म्हणालात. "टोस्ट पण. चहात बुडवून." शाळेत उभं केल्यासारखे दिसत होता तुम्ही.

मॅडमनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. "छातीत घरघर आहे. काही पाजलं का याला? दूध, तेल, काढा?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्याच्याजवळ मी होतो म्हणून पाहिलंत, संशय म्हणून नाही.

"नाही मॅडम," मी म्हणालो.

"नक्की?"

"पाणीच पाजलं."

"मग तेच गेलं असेल श्वासात. सशाला जबरदस्तीनं पाजायचं नसतं. आणि एक लक्षात ठेवा, त्याला ढेकर येत नाही, उलटीही होत नाही. गेलेलं वर येत नाही."

काका, मला तेव्हा, त्याच टेबलासमोर सगळं कळलं. एक शब्द बोलायचा होता. तेल. त्या शब्दानं औषध बदललं असतं का, मला माहीत नाही. विचारायला मी पुन्हा तिथे गेलेलो नाही.

श्वास सुधारला की दाढा घासू, असं म्हणून मॅडमनी औषधं आणि गवताचं पीठ दिलं. पुढचे दिवस आपण दोघांनी त्याचं केलं. मी कॉलेजला गेलोच नाही, आणि तुम्हाला वाटलं, पोरगा किती जीव लावतो. तुमच्या हातांत जोर नव्हता, म्हणून मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचो आणि तुम्ही बिनसुईच्या सिरिंजनं तोंडाच्या कडेनं गवताच्या पिठाची पातळ लापशी सोडायचे. थेंब थेंब. दुखण्याचं औषध दिलं की थोडा वेळ त्याचे डोळे पूर्ण उघडायचे. मग पुन्हा ते कर्र कर्र. पलंगाशेजारी तुम्ही पेपर पसरून ठेवला होता आणि दर थोड्या वेळानं चष्मा लावून बघायचे, लेंडी टाकली का. मंगळवारी दुपारी एक दिसली. एकच, वाटाण्याएवढी. तुम्ही पुण्याला फोन लावलात, "विद्या, टाकली वं! एक टाकली!" तिकडून ताई काय म्हणाली कोण जाणे, तुम्ही म्हणालात, "हसू नको. अख्ख्या नोकरीत प्रमोशनची इतकी वाट नाही पाह्यली मी."

मीही हसलो. तुमच्याबरोबर हसताना मी विसरायचो, हे त्या दिवसांचं सर्वांत वाईट.

गुरुवारी त्याचा श्वास बिघडला. मॅडमनी पुन्हा नळी लावली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "आता याला फक्त त्रास आहे. तुमची तयारी असेल तर इंजेक्शन देऊन शांत झोपवू."

तुम्ही खूप वेळ त्याच्या कानांवरून हात फिरवत राहिलात. मग म्हणालात, "द्या मॅडम. जीव तडफडून राहिला त्याचा."

आणि मी म्हणालो, "नाही काका."

"काहून गा?"

"पहिलं शील काय आहे काका? प्राण्याचा जीव घ्यायचा नाही. तुम्हीच तर रोज सकाळी म्हणता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. "शील मले शिकवतं काय तू?" एवढंच म्हणालात. मग टोपली उचलून माझ्या हातात दिलीत. "तू इतकं केलं त्याचं. तू म्हणतं तर पाहू दोन दिवस."

मी शीलासाठी नाही म्हणालो नव्हतो काका. तो वाचला असता, तर तेलाचं कोणाला सांगावंच लागलं नसतं. म्हणून मला तो जिवंत हवा होता. तुमच्या तोंडची पवित्र गोष्ट मी माझ्या भीतीपुढे ढालीसारखी धरली, आणि तुम्ही ती मानलीत.

ते दोन दिवस त्या सशानं माझ्यासाठी काढले. त्याला आडवं होता येत नव्हतं, आडवा झाला की श्वास कोंडायचा. मान वर ताणून, तोंड उघडं ठेवून बसायचा. तुम्ही टॉवेलची गुंडाळी करून त्याच्या छातीखाली दिलीत. गुडघा दुखत असून खाली फरशीवर त्याच्याशेजारी बसलात. "बडेबाबू, तुमची फाईल वर गेली आता," म्हणायचे, "सही झाली का सुटले तुम्ही." शुक्रवारी मी म्हणू शकत होतो, काका, चला, देऊन टाकू इंजेक्शन. शुक्रवार पूर्ण होता माझ्याकडे. मी लापशी ढवळत बसलो.

शनिवारी दुपारी तो ओरडला. एकदाच. ससा ओरडतो हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. लहान मुलासारखा आवाज. शोभाकाकू त्यांच्या घरातून धावत आल्या. तुमचा हात त्याच्या पाठीवर होता, तो तसाच राहिला. तुम्ही म्हणालात, "इतका आवाज होता याच्यात?"

मागच्या कण्हेरीखाली मी खड्डा केला. तुम्ही त्याला तुमच्या जुन्या पांढऱ्या शर्टात गुंडाळलंत. माती लोटताना म्हणालात, "माझ्या लाडानं गेला हा. गवत द्यायचं सोडून मी संत्रं चारत बसलो." मी फावडं धरून उभा होतो. म्हणालो, "असं नका म्हणू काका. वय झालं होतं त्याचं." आणि तुमचं सांत्वन केलं म्हणून मला क्षणभर स्वतःबद्दल बरंसुद्धा वाटलं.

संत्र्याचं तुम्ही त्या संध्याकाळी बोललात, मग पुन्हा कधी नाही. मला वाटलं, विसरले. मला सुटल्यासारखं झालं.

त्यानंतरच्या दीड महिन्यात तुम्ही रोज संध्याकाळी मला चहाला खाली बोलवायला लागलात. पूर्वी असं रोजचं नव्हतं. मला वाटायचं, घर रिकामं झालं म्हणून बोलावतात. आपण टीव्ही न लावता बसायचो. एकदा तुम्ही विचारलंत, "प्रशिक, दया आणि शील या दोघांत भांडण लागलं, तर कोणाचं ऐकावं?" मी अभ्यासातल्या प्रश्नासारखं उत्तर दिलं, शीलाचं. तुम्ही म्हणालात, "मले नाही वाटत तसं. बोलू कधी." तो वाद राहिला. आता मला म्हणायचं आहे, की तुमचं बरोबर होतं. त्या गुरुवारी दया तुमच्या बाजूला होती. पण शील माझ्या बाजूला नव्हतं.

पौर्णिमेला तुम्ही मला विहारात घेऊन गेलात. सगळे पंचशील म्हणत होते. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या ओळीला, माझा आवाज निघाला नाही. नुसते ओठ हलवले. तुम्ही शेजारीच बसला होता.

तुमची-माझी शेवटची भेट बसस्टँडच्या वाटेवर. मी गावाला निघालो होतो. "स्कूटरनं सोडतो," म्हणालात. मागे बसल्यावर तुमचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मला धीर आला. "काका, एक बोलायचं होतं," मी म्हणालो.

तुम्ही लगेच स्कूटर बाजूला घेतलीत. रसवंतीच्या पुढे, सावलीत. इंजिन बंद केलंत. मागे वळला नाहीत. "बोल."

गाड्या जात होत्या. रसवंतीचे घुंगरू वाजत होते. मी म्हणालो, "परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख शोभाकाकूंच्या मुलाला विचारून मला कळवाल का?"

"कळवतो. आणखी?"

"बस, इतकंच."

तुम्ही चावी फिरवलीत. मग किक मारलीत. पहिल्या दोन किकला ती सुरू झाली नाही.

गावाला मी मनात वाक्य तयार केलं. परत गेलो की पहिल्या चहालाच बोलायचं. 'काका, बडेबाबूला तेल मी पाजलं होतं.' बकऱ्यांना पाणी दाखवताना म्हणून पाहिलं, जमत होतं. तिसऱ्या दिवशी शोभाकाकूंचा फोन आला. तुम्ही सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. चहाचं पाणी गॅसवर तसंच उकळत होतं. मी फोन ठेवला तेव्हा आईनं विचारलं, "काय झालं बाबू?" आणि माझ्या तोंडून तेच तयार केलेलं वाक्य निघालं. आईला काही समजलं नाही. ती नुसती माझ्याजवळ येऊन बसली.

परवा कार्यक्रम संपला. लोक गेले. मी आणि विद्याताई सतरंज्या गुंडाळत होतो. ताई म्हणाली, "तू बोलला नाहीस."

मी म्हणालो, "ताई, मला काही सांगायचं आहे. बडेबाबूचं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. हातातली सतरंजी तिनं खाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. "शोभाकाकूंनी तुला गॅलरीत पाहिलं होतं. चमच्यानं तेल ओतताना. तेव्हा त्यांना वाटलं, औषध असेल. ससा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना विचारलं, ते तेल कशाचं होतं म्हणून. बाबांनी मला फोन केला. मी म्हटलं, विचारा ना त्याला सरळ. तर म्हणाले, नाही वं, विचारायचं नाही. त्याचं त्याले सांगू दे. रोज चहाले बोलावतो मी त्याले. मग मी रोज फोन केला की विचारायची, बाबा, सांगितलं का त्यानं? शेवटचा फोन झाला तेव्हाही विचारलं. म्हणाले, त्या दिवशी स्कूटरवर अगदी ओठावर आलं होतं त्याच्या. गावावरून आला का सांगेल."